मखमली शेरवानीतला पग

मी पग जातीचा एक म्हातारा कुत्रा आहे, बालमित्रांनो, आणि चारचौघांत तोंड दाखवायची मला अजूनही लाज वाटते. तोंडच तसं आहे. नाक म्हणावं असं काही नाहीच. दोन भोकं तेवढी डोळ्यांच्या मधोमध बसवली आहेत. कपाळावर घड्याच घड्या, शेपटीची जिलेबी, आणि दोन डोळ्यांपैकी उजवा डोळा शिवून बंद केलेला. मी येतो त्याआधी माझा आवाज येतो, घर्र घर्र. अमरावतीत शेगाव नाक्याच्या पुढे एका कॉलनीत मी राहतो. माझं नाव नवाब.

आमची जात मूळची चीनची, फार जुनी. तिथल्या राजवाड्यांत आमच्या पूर्वजांना राखण करावी लागत नसे, शिकारही नाही. राजाराण्यांच्या मांडीवर बसून राहायचं, एवढंच त्यांचं काम. माणसांना चपटे चेहरे आवडले. मग चपट्यातला चपटा कुत्रा निवडायचा, तशीच कुत्री निवडायची, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा सगळ्यात चपटं पिल्लू निवडायचं, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. नाक आत आत गेलं, डोळे बाहेर आले. आम्हाला कोणी विचारलं नाही. आणि असा हा जीव पुढे कोणीतरी वऱ्हाडात आणला, जिथे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं.

माझा जन्म अकोल्याचा. पिल्लं विकणाऱ्या एका माणसाच्या घरी, मागच्या खोलीत मी जन्मलो. आमची डोकी एवढी मोठी असतात की माझ्या आईचं पोट चिरून आम्हाला बाहेर काढावं लागलं. तिच्या पोटावर तसे आधीचेही टाके होते. आम्ही दूध प्यायला गेलो की ती कण्हायची, पण हलायची नाही. आईबद्दल मला एवढंच आठवतं.

तिथून मला कुलदीपभाऊंनी आणलं. त्यांचं अमरावतीत फर्निचरचं दुकान आहे. घरी त्यांची बायको सीमाताई आणि मुलगी नीलम. नीलम तेव्हा चौथीत होती. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "राजाच्या मांडीवर बसणारी जात हाय, साहेब." म्हणून सीमाताईंनी माझं नाव नवाब ठेवलं.

सुरुवातीचे दिवस फार कौतुकाचे होते, मित्रांनो. कॉलनीतल्या बायका मुद्दाम मला बघायला यायच्या. सीमाताई माझ्यासोबत फोटो काढायच्या, मोबाइलवर टाकायच्या आणि कोणकोण काय म्हणालं ते मोठ्यानं वाचायच्या. मी घोरलो की सगळे हसायचे. जिन्याच्या तीन पायऱ्या चढून मला धाप लागली की आणखी हसायचे. हसणं म्हणजे प्रेमच, असं मला वाटायचं. म्हणून हसू आणायला मी पुन्हा पायऱ्या चढायचो.

नीलम मात्र हसायची नाही. ती माझ्याजवळ फरशीवर पालथी पडायची आणि विचारायची, "नवाब, तुले दुखते का रे?"

पहिल्या उन्हाळ्यात आमच्या घरी अब्दुल सत्तार आले. सगळे त्यांना सत्तारचाचा म्हणत. आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा कूलरचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे ते स्वतः आणि त्यांचा पुतण्या फुरकान. आमच्याकडे उन्हाळा लागला की घरोघरी कूलरच्या बाजूंच्या जुन्या ताट्या, म्हणजे वाळ्याचे पडदे, काढून नव्या बसवतात. चाचा वाळ्याच्या ओल्या ताट्या घेऊन अंगणात बसले होते. त्या वाळ्याचा वास, त्यांच्या हातावरून ठिबकणारं गार पाणी! मला राहवलं नाही. मी धावत गेलो आणि त्यांचे हात, मनगटं, कुडत्याची बाही, सगळं चाटून काढलं.

चाचा झटकन उठले. "अरे बापा! नमाजचे कपडे हायेत माये!"

सीमाताई धावत आल्या. त्यांनी मला एक चापट मारली आणि चाचांची दहादा माफी मागितली. कुत्र्याची लाळ लागली की चाचांना नमाजाआधी कपडे बदलावे लागतात, हात पुन्हा पुन्हा धुवावे लागतात, हे मला कुठे ठाऊक होतं? मी सोफ्याखाली जाऊन बसलो. माझ्या प्रेमामुळे कुणाला हात-कपडे धुऊन काढावे लागतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फार लाजल्यासारखं झालं.

चाचा मात्र रागावले नाहीत. नळावर हात धुताधुता म्हणाले, "मारू नका त्याले, सीमाबाई. त्याचा काय कसूर? पाहा ना, श्वास कसा घेऊन राहिला. ह्याले कूलरसमोर ठेवत जा, उन्हात नका काढू."

"हो हो चाचा, ठेवू," सीमाताई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सीमाताईंचा धाकटा भाऊ कुंदन याचं साक्षगंध ठरलं. इतरत्र ज्याला साखरपुडा म्हणतात त्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. कार्यक्रम अकोल्याला, एका मंगल कार्यालयात होता. सीमाताईंच्या मनात आलं, अंगठ्या नवाबानं आणायच्या. त्यांनी शिंप्याकडून माझ्या मापाची गर्द लाल मखमली शेरवानी शिवून घेतली. डोक्याला छोटा फेटा, हनुवटीखालून इलॅस्टिकनं ताणून बसवलेला. गळ्यात जरीचा बटवा, त्यात दोन्ही अंगठ्या. दारापासून स्टेजपर्यंत मी चालत जायचं, मागून गाणं वाजेल, व्हिडिओवाला शूटिंग करेल.

गाडीतून उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. कार्यालयाच्या दारातली फरशी इतकी तापली होती की मी एकेक पाय उचलून उभा होतो. लोकांना वाटलं मी नाचतोय. टाळ्या पडल्या. आत गेलो आणि लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, पण त्यावर फक्त दिवे आणि डीजे चालत होता. कूलर बंदच राहिले. तीनशे माणसं, हाराफुलांचे वास, तो दणदणाट. माझी जीभ बाहेर आली ती आत जाईना.

"मम्मी, तो लय धापा टाकून राहिला," नीलम म्हणाली. "काढ ना त्याचा कोट."

"पाच मिनिटं बेटा. एवढा व्हिडिओ होऊ दे."

गाणं सुरू झालं. नवरी मुलगी अजून आतल्या खोलीत तयार होत होती. सीमाताई स्टेजजवळून मला हाका मारत होत्या, "ये नवाब, ये ये!" मी निघालो. मित्रांनो, मला त्यांचं मन मोडायचं नव्हतं. दोन्ही बाजूंनी मोबाइल धरलेले हात होते आणि हसणारे चेहरे होते. शेरवानी अंगाला काचत होती, फेट्याचं इलॅस्टिक गळ्यात रुतलं होतं. अर्ध्या वाटेवर माझे मागचे पाय गेले. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. मग सगळ्यांच्या देखत, त्या लाल गालिच्यावर मी ओकलो. बटवाही त्यात भरला.

हसणं थांबलं. कोणीतरी "छी!" म्हणालं. नवरी मुलीच्या आईनं पदर नाकाला लावला. अंग भट्टीसारखं पेटलं होतं, तरी मला त्या क्षणी जास्त कशानं जाळलं असेल तर त्या "छी"नं. मी शेपटी हलवायचा प्रयत्न केला. तीही हलेना.

"अबे उठ ना नवाब! इज्जत घालवतं का माही?" असं म्हणत कुंदन पुढे आला आणि त्यानं मला मानेच्या कातडीला धरून उचललं. त्याचा हेतू वाईट नव्हता. मांजरीला उचलतात तसंच त्यानं उचललं. पण आमचे डोळे उथळ खोबणीत बसलेले असतात. मानेची कातडी मागे ओढली गेली आणि माझा उजवा डोळा जागेवरून सुटला.

बायका किंचाळल्या. नवरी मुलीच्या आईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "हा काय अपशकुन केला हो तुम्ही शुभकार्यात!" सीमाताई दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे आल्या नाहीत.

आली ती नीलम. तिनं माझी शेरवानी टराटरा फाडली, फेटा भिरकावून दिला आणि मला दोन्ही हातांवर घेतलं.

कुलदीपभाऊ म्हणाले, "बेटा, दहा मिनिटं थांब. तेवढ्या अंगठ्या होऊ दे, मग जाऊ."

ती थांबली नाही. जरीच्या परकरात, मला उराशी धरून ती सरळ दाराकडे चालू लागली. रस्त्यावर जाऊन तिनं ऑटोला हात केला, तेव्हा कुलदीपभाऊ धावत मागे आले आणि तिच्याशेजारी बसले.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला ओल्या चादरीत गुंडाळलं, पंखा लावला, पायाला सलाइन लावलं, नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली. माझ्या केसांत मखमलीचे लाल धागे अडकले होते. त्यांतला एक चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "हे काय आहे? कोणी घातलं याला एवढ्या उन्हाचं?"

कुलदीपभाऊ दाराकडे बघत राहिले.

"आम्ही," नीलम म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "बाळ, कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो जिभेनं, श्वासानं अंग गार करतो. आणि याची श्वासाची वाट जन्मापासूनच अरुंद आहे. अजून थोडा उशीर झाला असता तर गेला असता. डोळा मात्र नाही वाचवता येणार."

त्यांनी डोळा काढला आणि पापण्या शिवल्या. मी वाचलो.

साक्षगंध त्या दिवशी उरकलं म्हणे. अंगठ्या धुऊन घेतल्या. पण आमच्या घरचा सूर बदलला. मोबाइलवरचे माझे फोटो थांबले. सीमाताई वेळेवर जेवण द्यायच्या, औषध द्यायच्या, पण वाटी ठेवताना मान दुसरीकडे वळवायच्या. कुणी पाहुणे आले की त्या हळूच म्हणायच्या, "नीलम, त्याले मागं ने." मागे म्हणजे भांडी घासायच्या मोरीत. दार लावून घ्यायचे. बाहेर बश्यांचा आवाज यायचा, गप्पा व्हायच्या. कोणी विचारलं, "तुमचा तो नवाब कुठे आहे?" तर सीमाताई सांगायच्या, "झोपला आहे."

मी झोपलेला नसायचो. ओल्या मोरीत बसून श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून तोंड पंजांत खुपसायचो. पुढे पुढे मला न्यायचीही गरज उरली नाही. दाराची बेल वाजली की मीच उठायचो आणि मोरीत जाऊन बसायचो. सीमाताईंना माझ्या तोंडाची किळस येते, असंच मी धरून चाललो होतो. मी त्यांना का दोष देऊ? पाण्याच्या वाटीत दिसायचं ते तोंड मलाही बघवत नव्हतं.

वर्ष असंच गेलं. पुढचा उन्हाळा आला. एके सकाळी नीलम शिकवणीला गेल्यावर कुलदीपभाऊंनी माझी गादी गुंडाळली, वाटी आणि पट्टा पिशवीत टाकला आणि मला स्कूटरवर पुढे घेतलं. भातकुलीकडे त्यांच्या एका ओळखीच्या माणसाचं शेत होतं. तिथे मला सोडायचं दोघांचं ठरलं होतं. सीमाताई दारात आल्या नाहीत. आतल्या खोलीत नळ नुसताच वाहत असल्याचा आवाज येत होता.

गल्लीच्या टोकाला सत्तारचाचा शेडबाहेर पत्रा कापत होते. त्यांनी हात वर केला.

"कुठं घेऊन चालले नवाबले, कुलदीपभाऊ?"

"दवाखान्यात, चाचा."

चाचांनी पिशवीतून डोकावणारी गादी पाहिली, वाटी पाहिली. हातातली कात्री खाली ठेवली. "दवाखान्यात कोणी गादी घेऊन जाते का, भाऊ?"

कुलदीपभाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले, "भातकुलीले नेऊन राहिलो. शेतात मोकळी हवा असते. घरी... घरी जमून नाही राहिलं."

"ह्या उन्हात? शेतात?" चाचा जवळ आले, पण हातभर अंतरावर थांबले. "संध्याकाळ नाई पाहणार हा." त्यांनी दाढी खाजवली. "असं करा. उन्हाळाभर इथं ठेवा. मी हात नाई लावणार त्याले, तुमाले माहीत हाय. पण माया इथं कूलर तर दिवसभर चालतेच. तपासाले लावावाच लागते. त्याच्यासमोर पडला राहीन बिचारा."

कुलदीपभाऊंनी मला खाली ठेवलं. "चाचा, तुमाले त्रास..."

"जा तुमी दुकानात," चाचा म्हणाले.

असा मी कूलरच्या कारखान्यात राहायला आलो. फुरकाननं कोपऱ्यात विटांवर एक फळी टाकली, तिच्यावर माझी गादी. समोर नवा तयार झालेला कूलर असायचा, तो विकला गेला की दुसरा. आयुष्यात पहिल्यांदा मे महिन्याच्या दुपारी मला सलग झोप लागली. चाचांनी मला एकदाही कुरवाळलं नाही. माझी वाटी ते लांब दांडीच्या मगानं भरायचे, पण ती कधी कोरडी पडू द्यायचे नाहीत. मांडीवर बसण्यासाठीच घडवलेला मी, आणि हा माणूस मला बोटही लावत नव्हता. तरी त्याच्या नजरेसमोर मला तोंड लपवावंसं वाटत नव्हतं, याचं मला नवल वाटायचं.

पहिल्याच दुपारी नीलम रडत पळत आली. घरात गादी दिसली नाही, म्हणून तिनं आईला विचारलं होतं आणि आई नुसती रडत बसली होती, म्हणून ती मला गल्लीभर विचारत निघाली होती.

"चाचा, पप्पांनी नवाबले..."

"हाय इथंच. रडू नको बेटा. ते पाहा, कसा घोरून राहिला."

ती फळीपाशी बसली ती अंधार पडेपर्यंत उठली नाही. मग रोज येऊ लागली. मला फिरवणं, पुसणं, शिवलेल्या डोळ्याभोवती मलम लावणं, जे चाचांना करता येत नव्हतं ते सगळं ती करायची. घरी ती आईशी बोलत नव्हती, हे मला तिच्या चाचांशी चाललेल्या बोलण्यावरून कळलं.

माझ्यामुळे चाचांनाही ऐकून घ्यावं लागलं. त्यांच्या ओळखीचे मोईजभाई नवा पंप न्यायला आले आणि मला बघून थबकले. "क्या चाचा, इस उमर में कुत्ता पाल लिया?"

"पाला नहीं, भाई. उन्हाळ्यापुरता मेहमान हाय," चाचा म्हणाले. "प्यासे जानवर को पानी देने में कायची शरम?"

मोईजभाई पंप घेऊन जाताना कपडे सावरून लांबून गेले. मी फळीवर अंग चोरून घेतलं. आणि एकदा तर माझ्याच्यानं घडू नये ते घडलं. चाचा बाजारातून आले, मला आनंद आवरला नाही, मी फळीवरून उडी मारली आणि त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर दोन्ही पंजे आणि तोंड. दुपारची अजान नुकतीच झाली होती. चाचा घरी गेले, अंघोळ करून, कपडे बदलून नमाजाला गेले. मी पत्र्यांच्या ढिगामागे लपलो. परत आल्यावर त्यांनी शेडभर मला शोधलं.

"निघ बाहेर. कोणी काई म्हटलं का तुले?" ढिगासमोर ते उकिडवे बसले. "अल्लानं कुत्रा बनवला होता. हे तोंड माणसानं बनवलं. तू काहून लपते?"

मी बाहेर आलो, पण मान वर केली नाही.

जून लागला तरी पावसाचं नाव नव्हतं. आमच्या घरचा कूलरचा पंप जळाला. कुलदीपभाऊ नागपूरला गेले होते, नीलम शिकवणीला. म्हणून सीमाताई स्वतः पंप पिशवीत घालून शेडमध्ये आल्या. इतके दिवस त्या या रस्त्यानं जायच्या तेव्हा पलीकडच्या कडेनं जायच्या. त्यांच्या चपलांचा आवाज मला ओळखू आला आणि मी नेहमीसारखा भिंतीकडे वळलो, शिवलेला डोळा त्यांना दिसू नये असा.

पंप देऊन त्या निघाल्या होत्या, पण पाय अडला.

"चाचा, तो तिकडं तोंड करून काहून बसला?"

चाचा पंप उघडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "तुमचा आवाज रस्त्यावर ऐकला का तसाच करते. नीलम आली का नाई करत."

सीमाताई त्या लोखंडाच्या किसानं भरलेल्या जमिनीवर, चांगल्या साडीनिशी, मटकन खाली बसल्या.

"चाचा, त्याले वाटते मी त्याले लाजते," त्या म्हणाल्या. सीमाताई बाहेरच्यांशी नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलत, त्या दिवशी त्यांना तेही भान नव्हतं. "लोकं म्हणतात, एक डोळा गेला म्हणून लपवते. तसं नाई हो. मले त्याच्याकडं पाहवत नाई. पाहिलं का तो हॉल दिसते. नीलम म्हणून राहिली होती, कोट काढ, कोट काढ. आन मी म्हटलं, पाच मिनिटं. त्याले मी हाका मारून राहिली होती, चाचा. तो माया हाकेनं चालून राहिला होता."

चाचा उठले. त्यांनी कूलरचं तोंड किंचित सीमाताईंकडे वळवलं.

सीमाताईंनी हात पुढे केला. मी मागे सरलो. मागे भिंत होती. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि वळवलं, पूर्ण उजेडात. अंगठ्यानं शिवलेल्या पापणीवरून हळूच हात फिरवला. त्यांचे अश्रू माझ्या कपाळावरच्या घड्यांत जाऊन बसले. मित्रांनो, वर्षभर मी जी किळस माझी समजत होतो, ती त्यांना स्वतःची वाटत होती. आम्ही दोघंही एकाच घरात एकमेकांपासून तोंड लपवत राहिलो होतो.

"पंप उद्या देतो," चाचा म्हणाले. "ह्याले आज घेऊन जा. आन पंप बसेपर्यंत हा कूलर वापरा. फुरकान आणून ठेवीन."

मी घरी आलो. त्या संध्याकाळी नीलमनं दार उघडलं, आईच्या कडेवर मला पाहिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. त्यानंतर मोरीचं दार माझ्यावर कधी लागलं नाही. पण सवय जाते का? बेल वाजली की मी उठायचो आणि सीमाताईंना दरवेळी हाक मारून मला परत बोलवावं लागायचं.

त्याच दिवाळीत कुंदन, त्याची नवी नवरी आणि तिची आई आमच्याकडे फराळाला आले. मला पाहून कुंदनची सासू म्हणाली, "अगंबाई, हा अजून आहे का?" कुंदन चकलीच्या ताटाकडे बघू लागला. नवरी मात्र हसून म्हणाली, "किती क्यूट आहे ना! डोळा नसला तरी गोड दिसतो. ताई, आम्हालापण असंच पिल्लू घ्यायचं आहे. अकोल्यातच मिळतं ना?"

सीमाताईंनी हातातली बशी खाली ठेवली. मला उचललं आणि नवरीच्या मांडीवर ठेवलं.

"कान लाव त्याच्या नाकाशी," त्या म्हणाल्या.

"काहून, ताई?"

"लाव तर खरी."

तिनं वाकून कान लावला. तिच्या कानातले झुमके माझ्या गालाला लागले. मी नेहमीसारखाच श्वास घेत होतो, म्हणजे आत ओढताना घरघर, बाहेर सोडताना शिट्टी. मला फार अवघडल्यासारखं झालं. श्वास रोखता आला असता तर मी रोखला असता.

"हा आजारी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही. हा बरा आहे. याचा हा सगळ्यात चांगला श्वास आहे, गार दिवसातला," सीमाताई म्हणाल्या. "आणि त्याचा डोळा कसा गेला ते तुझ्या आईला माहीत आहे, तुला नसेल; तू तेव्हा आतल्या खोलीत होतीस. माझ्या हौसेपायी गेला. अपशकुन त्यानं नव्हता केला."

कुंदन उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळानं आला आणि माझ्यासमोर खाली बसला. मानेला हात लावायला तो घाबरत होता. शेवटी त्यानं माझ्या पुढच्या पंजावर आपली दोन बोटं ठेवली आणि तसाच बसून राहिला. त्याच्या सासूबाईंनी चहा संपवला, पण "अपशकुन" हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. नवरीनं मला खाली ठेवलं ते पिल्लाला नव्हे, तर म्हाताऱ्या माणसाला बसवतात तसं, दोन्ही हातांचा आधार देऊन.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नीलम बारावीत आहे. सत्तारचाचांचे गुडघे दुखतात, कारखाना फुरकानच बघतो. पण उन्हाळा लागला की आमच्या ताट्या बदलायला चाचा स्वतः येतात आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून वाळ्याचा वास घेतो. लाज माझी पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. कोणी अनोळखी माणूस माझ्याकडे टक लावून बघू लागला की माझी मान आपोआप उजवीकडे वळते. इतकी वर्षं अंगात मुरलेली गोष्ट एका दिवाळीत निघत नाही.

मित्रांनो, एवढीच विनवणी आहे. जनावर घरी आणण्याआधी त्याचं तोंड बघून भुलू नका. त्याला तुमच्या गावच्या उन्हात श्वास घेता येईल का, हे आधी बघा. आणि माझ्यासारखा कोणी तुमच्याकडे आधीच आला असेल, तर त्याला टाकू नका, सजवू नका, लपवू नका. दुपारी बारा ते पाच त्याला बाहेर काढू नका, आणि कुणी त्याला मानेला धरून उचलू लागलं तर मोठ्या माणसालाही थांबवा. तुम्ही लहान आहात म्हणून गप्प बसू नका.

आज ऊन फार आहे. सीमाताईंनी खिडक्यांना ओले पडदे लावले आहेत. तुमच्या शेजारी कुणाकडे असा चपट्या नाकाचा जीव असेल, तर जरा जाऊन बघा, त्याच्या वाटीत पाणी आहे का.